अक्काच्या पत्रिकेतला गुरू

माझी पत्रिका कोणी मांडलीच नाही. बरंच झालं म्हणायचं. आमच्या घरात पत्रिका एकच होती, माझ्या थोरल्या बहिणीची, आणि ती कपाटात नव्हती, दुकानात होती. इंदापुरात आमचं खत-बियाणांचं दुकान. गल्ल्यामागच्या भिंतीवर लक्ष्मीची तसबीर आणि तिच्या शेजारी, तेवढ्याच आकाराच्या चौकटीत, अक्काची कुंडली. सकाळी उदबत्ती ओवाळायची ती दोघींना मिळून. एखादं गिऱ्हाईक पोतं खांद्यावर घेता घेता विचारायचं, "ही चौकट कसली वो?" की आबा, म्हणजे आमचे वडील, हातातलं काम टाकून सांगायला बसायचे. मागं माणसं खोळंबली तरी त्यांना भान राहायचं नाही.

ते काय सांगायचे ते मला अजून पाठ आहे. पाढे विसरले, हे नाही विसरले. पत्रिकेत बारा घरं. दुसरं घर धनाचं, म्हणजे साठलेल्या पैशाचं. अकरावं लाभाचं, म्हणजे येणाऱ्या पैशाचं. पाचवं आणि नववं ही लक्ष्मीची. ह्या घरांचे मालक एकमेकांना भेटले, किंवा आपापल्या घरी बळकट होऊन बसले, की धनयोग होतो. आणि अक्काच्या पत्रिकेत तर धनाचा आणि लाभाचा मालक एकच, गुरू. तो स्वतःच्या धनू राशीत, नेमका लाभाच्या घरात ठाण मांडून बसलेला. धनाच्या घरात चंद्र, गुरूपासून चौथा, म्हणून वर आणि गजकेसरी, म्हणजे मानाचा योग. जन्मवेळ तास-दोन तास हलली तर सगळी घरं सरकतात आणि असा योग हातचा जातो, हेही ते सांगायचे. आबा काचेवर बोट ठेवून सांगायचे, "हितं गुरू. हितं चंद्र. आसा योग लाखात एका पोरीला असतो." अक्का तिथंच बसलेली असायची, मान खाली घालून. विकायला ठेवलेल्या गाईचे दात दाखवावेत तसं ते मला वाटायचं, आणि मी तोंड वाकडं करून बाहेर जायची.

आबांना हे शिकवलं बारामतीच्या गुरुजींनी. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, जुन्या गावठाणात दोन खोल्यांत राहायचे. पंचांग आणि जाड भिंगाचा चष्मा, एवढाच त्यांचा पसारा. दक्षिणा मागायचे नाहीत. खोटं बोलणारा माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही म्हणाल ज्योतिषानं घात केला. उलट ते आबांना बजावायचे, "योग म्हणजे नुसती पेरणी. दशा म्हणजे पाऊस. आणि उगवलेलं राखायला माणूस लागतो, आबासाहेब." आबा मान डोलवायचे आणि त्यातलं पेरणीपर्यंतचंच घेऊन इंदापूरला यायचे.

अक्का जन्मली ती दुष्काळाच्या तोंडावर. आबांनी साखर कारखान्यातलं हंगामी काम सोडून पत्र्याची टपरी टाकली होती आणि ती मोडायच्या बेतात होते. मग दुष्काळ सरला, काही वर्षांनी धरणाचं पाणी आलं, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला, उसाला खत लागलं. टपरीचं दुकान झालं. ह्यात अक्कानं काय केलं होतं? ती शेंबूड पुसत होती तेव्हा. कावळा बसायला आणि फांदी मोडायला! पण आबांच्या लेखी धरणाचं पाणीसुद्धा अक्काच्या गुरूनंच आणलेलं होतं.

त्यामुळं अक्का चालायला लागल्यापासून दुकानाचं कुलूप तिच्या हातानं निघायचं. पहिली विक्रीही तिच्याच हातची. शाळेत जायच्या आधी ती दुकानात, शाळा सुटली की दुकानात. ताप असला तरी आबा तिला शाल गुंडाळून उचलून न्यायचे आणि तिची बोटं किल्लीला लावून परत आणायचे. मोठी झाल्यावर महिन्याचे ते चार दिवस आले. आमच्याकडं कावळा शिवला की चुलीकडं फिरकायचं नाही, देवघराकडं बघायचं नाही, असा कडक कारभार. मग दुकानाचं काय? आबांनी एका दमात निकाल दिला, "लक्ष्मीला इटाळ नसतो." म्हणजे स्वयंपाकघरात विटाळ, आणि दुकानात नाही! आई पदराआड हसली होती, मला आठवतंय. पण ते हसू काही सुखाचं नव्हतं.

बारावीला अक्काला चांगले मार्क पडले. तिला मास्तरीण व्हायचं होतं. बारामतीला डीएडला नंबर लागत होता, वसतिगृहात राहावं लागणार होतं. आबा म्हणाले, "आन् दुकान कोण उघडणार?" रागानं नाही म्हणाले, अगदी साधेपणानं, जणू काही विहिरीनं गावाला जायचं म्हणावं आणि मालकानं विचारावं, मग पाणी कुठलं प्यायचं. अक्कानं डीएडचा अर्ज घडी घालून कपड्यांच्या खाली ठेवला. मी मात्र तीन वर्षांनी बारावी झाले आणि खुशाल एसटीचा पास काढून बारामतीच्या कॉलेजला जायला लागले. मला कोणी अडवलं नाही, कारण माझ्या कुंडलीत काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर अक्का तेविशीत आली. तिच्याबरोबरीच्या पोरी दोन-दोन लेकरं घेऊन माहेरी यायला लागल्या. स्थळं येत होती, नाही असं नाही. धनयोगाची पोरगी म्हणून तिचा बोलबाला सणसर-निमगावपर्यंत गेलेला. पण आबांना प्रत्येक स्थळात खोट दिसायची. एकाचं घर लांब, एकाचा आवाज मोठा, एकाचे कान. हो, कान! बाहेरचे हसायचे. घरात आम्हाला कळत होतं घोडं कुठं पेंड खातंय ते.

मग लासुर्ण्याच्या मावशीनं, आईच्या धाकट्या बहिणीनं, कळंबचं स्थळ आणलं. मुलाचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की लोक त्याच्याकडं घेऊन यायचे, तो तांब्याची जळकी तार काढून नवी भरून द्यायचा. बोटांची नखं कायम काळी. घरी तो आणि त्याची आई, दोघंच. बघायला आले तेव्हा बायकांनी अक्काला नेहमीचंच विचारलं, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. शेवटी निघताना मुलानं दाराच्या चौकटीत उभं राहून विचारलं, "तुमाला सोताला काय करायचं हुतं?"

अक्का इतकी गोंधळली की खरंच बोलून गेली. "मास्तरीण व्हायचं हुतं."

"मग व्हा की," तो म्हणाला. "कळंबात रोज बारामतीची एसटी येती."

त्या दिवसापासून माझी अक्का बदलली. पीठ मळताना गुणगुणायला लागली. कपड्यांच्या तळातून तो जुना अर्ज काढून तिनं मला विचारलं, "ह्याला वयाची अट असती का गं? तू बघून येशील?" तेवीस वर्षांत तिनं मागितलेली ती पहिली गोष्ट असावी. मी कॉलेजातून बघून आले. अट होती, पण अजून वर्षं हातात होती.

आबांना ह्या स्थळात खोट सापडेना. कान चांगले होते. मग त्यांनी वेगळीच अट घातली. मुलानं घरजावई व्हावं. इंदापुरात त्याला दुकान काढून देऊ, मोटारी हितंच भरा, आईलाही घेऊन या. कळंबहून निरोप आला की पोरगी आवडली आहे, पण पोरगा बापाचं घर सोडणार नाही. झालं. आबांनी हात झटकले. "योग न्हवता," म्हणाले आणि दुकानात जाऊन बसले.

त्या संध्याकाळी अक्का मागच्या दारी भांडी घासत होती. आई तांदूळ निवडत होती आणि मी पायरीवर. अक्कानं घासता घासता पातेलं खाली ठेवलं, हात राखेनं भरलेले, आणि आईकडं न बघता म्हणाली, "आई, मी काय गल्ल्याचं कुलूप हाय का?" एवढंच. मग ती रडायला लागली. मोठ्यानं नाही. अक्काला मोठ्यानं रडताही येत नव्हतं. राखेचे हात डोळ्यांना लावता येईनात म्हणून तिनं तोंड दंडात लपवलं. मी तावातावानं म्हणाले, जाते आणि ती चौकट फोडून टाकते. आई म्हणाली, "गप बस. काच फोडून ग्रह पळत्यात व्हय?" आणि तांदळातला खडा वेचून लांब फेकला. मला तिचा फार राग आला. वाटलं, हिला काही वाटतच नाही.

दोन-तीन दिवसांनी आईनंच आबांना म्हटलं, एकदा बारामतीला जाऊन गुरुजींना विचारावं. पोरगी गेली तर योग घरात राहतो का तिच्याबरोबर जातो, एवढं तरी कळू दे. आबा आईचं क्वचित ऐकायचे, पण गुरुजींचं नाव काढल्यावर तयार झाले. भिंतीवरची चौकट उतरवली, पंच्यात गुंडाळली. मी कॉलेजातून परस्पर गुरुजींकडं गेले. खोलीत आबा खुर्चीवर, अक्का चटईवर, आणि आई दाराजवळ, अर्धी आत अर्धी बाहेर.

गुरुजींनी चौकट मांडीवर घेतली. एकेका घरावरून बोट नेलं. म्हणाले, "धनयोग माणसाच्या पत्रिकेत असतो, आबासाहेब, भिंतीच्या नाही. मुलगी जिथं जाईल तिथं तो जाईल. पण विवाहाचं बघायचं तर नवमांश, म्हणजे आणखी बारीक कुंडली, मांडावी लागेल, आणि तिला वेळ मिनिटापर्यंत लागते. इथं नुसतं सकाळी आठ लिहिलंय. ही वेळ तुम्ही सांगितलेली ना?"

"व्हय. भोंग्याला झाली ती."

आता हे समजून घ्यायला हवं. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. आईचं माहेर लासुर्णे, आणि तिथं कारखान्याचा भोंगा ऐकू यायचा. त्या काळी घरोघर घड्याळं कुठली? गळीत हंगाम चालू असला की भोंग्यावर माणसं उठायची, भोंग्यावर जेवायची, आणि पोरं जन्मली की तीही भोंग्यावरच सांगायची. आबा तेव्हा इंदापुरात होते. दुधाच्या गाडीवाल्याबरोबर निरोप आला, "भोंग्याला पोरगी झाली, दोघी खुशाल." आबांनी हंगामात पाळी केलेली. त्यांच्या लेखी भोंगा म्हणजे एकच, कामावर चढायचा, आठचा. तीच वेळ त्यांनी गुरुजींना सांगितली, आणि त्या वेळेवर अक्काचं सगळं आयुष्य मांडलं गेलं.

गुरुजींनी चष्मा कपाळावर घेतला. म्हणाले, "निरोप गाडीवाल्याचा. तो काही बाळंतिणीच्या खोलीत नव्हता." मग दाराकडं वळून म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही होता."

इतकी वर्षं वर्षातून एकदा आबा ह्या खोलीत येत होते. कुंडली मांडली, काच बसवली, हार घातले. आणि जिनं कळा सोसल्या तिला कोणी विचारलं नव्हतं, बाई, पोर कधी झाली? काखेत कळसा आणि गावाला वळसा. आबांनी नाही विचारलं, गुरुजींनी नाही, आणि मी एवढी शहाणी, मीही नाही.

आईनं पदर खांद्यावरून ओढून घेतला. आत सरकली. अक्काकडं एकदा बघितलं. मग अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, "पयल्या भोंग्याला झाली, गुरुजी. लोकांना उठवायचा व्हता ना, पहाटंचा, त्या. आठच्या भोंग्याला तर ती आंघूळ होऊन माज्या कुशीत निजली व्हती."

गुरुजींनी पंचांग उघडलं. बोटांवर मोजलं, कागदावर चौकोन काढला, आत रेघा मारल्या. खोलीत पंख्याचा आवाज येत होता. शेवटी त्यांनी कागद आबांसमोर ठेवला. जन्माच्या वेळी पूर्वेला जी रास उगवते ते पहिलं घर; पहाटेच्या त्या वेळी आठची कुंभ रास नव्हती उगवत, मकर होती. एका राशीचा फरक, पण त्यानं सगळी घरं एकेक पाऊल सरकली. ग्रह जागचे हलले नव्हते. गुरू अजून धनूतच होता. फक्त धनू आता अकरावं घर राहिलं नव्हतं, बारावं झालं होतं. बारावं म्हणजे व्ययाचं, खर्चाचं घर. आणि गुरूकडं आता ना धनाची मालकी होती, ना लाभाची.

"गजकेसरी तसाच राहतो," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "चंद्र तोच आहे, त्यामुळं गुणमेलनालाही बाधा नाही. मुलगी गुणी आहे, मान मिळवेल. पण ज्याला तुम्ही धनयोग म्हणत होता तो ह्या पत्रिकेत नाही."

आबांनी तो कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. म्हणाले, "मग दुकान कुणी चालवलं एवढी वर्षं?"

"तुम्ही," गुरुजी म्हणाले.

दुसऱ्या कोणाला हे ऐकून आनंद झाला असता. आबांचा चेहरा पांढराफटक पडला. इतका मोठा बाप्या माणूस मी त्याआधी एवढा एकटा पडलेला बघितला नव्हता. खरं सांगते, त्या घडीला माझा सगळा राग ओसरला. मला त्यांची दया आली, आणि दया आली ह्याचाही राग आला.

इंदापूरच्या एसटीत आबा आईच्या शेजारी बसले, आम्ही दोघी मागच्या बाकावर. कुंडलीची चौकट आबांच्या मांडीवर, पंच्यातच. लासुर्ण्याच्या थांब्यावर गाडी उभी राहिली आणि लांबून भोंगा झाला. मावळतीचा. आबांनी मान वर केली. म्हणाले, "तू आदी का न्हाय सांगितलं?"

"तुमी कवा इचारलं?" आई म्हणाली.

कंडक्टरनं घंटी मारली, गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी अक्काला हाक मारली नाही. किल्ल्या घेतल्या, एकटे गेले, स्वतः कुलूप काढलं. अक्का सवयीनं उठली, वेणी घातली, चपला घातल्या, आणि उंबऱ्याशी येऊन थांबली. तिला जायला जागाच राहिली नव्हती. मी म्हटलं, "चल, चहा पिऊ." तिला हसायचं होतं की रडायचं ते तिलाही कळेना. दुपारी मी डबा घेऊन दुकानात गेले. चौकटीच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन तेवढा उरला होता, आणि आबा गिऱ्हाइकाशी मापापेक्षा मिठाच्या खड्याएवढंही जास्त बोलत नव्हते.

आता पेच वेगळाच पडला. कळंबच्या म्हातारीनं होकार दिला होता तो धनयोगाच्या पोरीला. बातमी मावशीच्या तोंडून तिकडं गेलीच. गुरू बाराव्यात! पोरगी खर्चिक! आली की घर धुवून नेणार! म्हातारीनं निरोप धाडला, जरा थांबू. अक्का पुन्हा पीठ मळताना गप्प झाली. आई देवापुढं दिवा लावून नेहमीपेक्षा जास्त वेळ बसायला लागली. मी मनात म्हणत होते, आईनं खरं बोलून घोटाळाच केला. होता तो योग खोटा का होईना, निदान सासर तरी मिळालं असतं.

आठवड्याच्या बाजारादिवशी तो स्वतः आला. थेट दुकानात. नखं काळीच. गिऱ्हाइकं होती म्हणून खतांच्या पोत्यांशी उभा राहिला. गर्दी सरल्यावर आबांनी विचारलं, "का आलास?"

"होकार द्यायला," तो म्हणाला.

"पत्रिका कळली न्हवं? बाराव्यात गुरू. खर्च."

"आबा, माजा धंदाच लोकांच्या मोटारी जळण्यावर हाय. दुसऱ्याचा खर्च त्यो माजा लाभ. माज्या घरात कुठलं घर धनाचं न् कुठलं खर्चाचं, मला कळत न्हाय. तुमची पोरगी मला मास्तरीण व्हायचं हाय म्हणाली. तवापासून मी तेवढंच धरून बसलोय. आईला मी समजावलं."

आबा मला म्हणाले, "चहा सांग." मी धावतच जाऊन सांगून आले. चहा येईपर्यंत आबा त्याच्याशी पाण्याच्या मोटारींचं बोलत होते, कुठली लवकर जळते, कुठली टिकते. लग्नाचं अवाक्षर नाही. पण कप खाली ठेवताना म्हणाले, "वैशाखात जमंल का तुमाला?"

जमलं. अक्का कळंबला गेली. पाठवणीच्या वेळी आबा कुठं दिसेनात. शोधलं तर दुकानात, अर्धं शटर ओढून बसलेले. मला बघून म्हणाले, "सकाळी आपली नुसती येऊन बसायची तरी बरं वाटायचं गं." आणि हमसून हमसून रडायला लागले. तेव्हा मला उमगलं, की आबांना पोरगी सोडवत नव्हती, एवढंच होतं सगळं. बापाला मला करमणार नाही असं तोंडानं म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यांनी गुरूला पुढं केलं होतं. मी त्यांच्या शेजारी खाली बसले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा हात धरला.

दुकान होतं तसंच चाललं. अक्का एसटीनं बारामतीला जायला लागली, डीएडला. नवरा थांब्यापर्यंत सोडायचा. शेवटच्या वर्षाला असताना तिला दिवस गेले. परीक्षा दिली आणि पहिल्या बाळंतपणाला, रीतीप्रमाणं, ती आमच्याकडं इंदापुरात आली.

दवाखान्यात नेलं तेव्हा दिवस वर आला होता. आबा बाहेरच्या बाकावर बसले होते. मनगटावर घड्याळ, आणि ते रेडिओशी लावून आणलेलं. ते बघून आईचं तोंड उतरलं. मीही म्हटलं, झालं, पुन्हा चौकट, पुन्हा भिंत.

दुपारी मुलगी झाली. आत बोलावलं तसे आम्ही तिघं गेलो. अक्का घामानं भिजलेली, डोळे मिटलेले, बाळ कुशीत. नर्स म्हणाली, वेळ कागदावर लिहिलीय. आबांनी कागद मागितला नाही. ते खाटेजवळ गेले, वाकले, आणि अक्काच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, "किती वाजता झाली गं? तू सांग. मागं मी लय मोठी चूक केली. ज्या माऊलीनं सोसलं तिला इचारलंच न्हाय. आता तू सांगशील तीच येळ."

अक्कानं डोळे उघडले. थकलेलं हसली. "मला काय ठावं, आबा? त्या येळंला काय कळतं व्हय? माज्या तर कानात दडेच बसल्ते. पोरीचं रडणं तेवढं ऐकू आलं, त्याच्या आदीचं काय बी न्हाय."

आबांचा हात तिच्या केसांवरच थांबला. ते सावकाश वळले आणि आईकडं बघितलं. आई पायथ्याशी उभी राहून दुपट्याची घडी करत होती. ती घडी तिनं पुन्हा मोडली, पुन्हा घातली. मग वर बघून म्हणाली, "व्हय. मलाबी न्हवता ऐकू आला. पयला न्हाय न् दुसरा न्हाय. कुठल्या भोंग्याला झाली ते मला आजबी म्हाईत न्हाय. त्या सांजंला राखंच्या हातानं पोर रडत व्हती, ते तेवढं दिसलं मला."

बाहेरून कोणाची तरी मोटारसायकल गेली. अक्का आईकडं बघत होती, तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं, ह्या वेळी पुसायला हात मोकळे असून ती पुसत नव्हती.

"बरं केलंस," आबा आईला म्हणाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सोडून खिशात टाकलं, आणि नातीला घ्यायला दोन्ही हात पुढं केले.